अण्णांच्या गाडीचा आवाज

त्या उन्हाळ्यात आमच्याकडं दोनच आवाज लांबून ऐकू यायचे. एक दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या हातोड्यांचा आणि दुसरा अण्णांच्या गाडीचा. हातोड्या सकाळी सुरू झाल्या की दिवस मावळेपर्यंत चालूच असायच्या, त्यामुळं त्यांचा आवाज कानाला कळेनासा व्हायचा. गाडीचा मात्र कळायचा. आधी माळापलीकडं नुसती घरघर, मग फटाक्यांच्या माळेसारखे बार, आणि मग धुळीचा लोट. कुत्री भुंकायचं सोडून बोळात पळायची. माय भाकरी थापता थापता म्हणायची, "आला बाई कुंभकर्ण." घरात कुणी हसण्याच्या मनःस्थितीत नसायचं, तरी ह्यावर आमची वहिनी दर वेळी हसायची.

मी घरातला पहिला कॉलेजात गेलेला. माझ्या आधी आमच्या घरात कुणी सातवीच्या पुढं गेलं नव्हतं. उस्मानाबादला विज्ञान शाखेत नाव घातलं होतं, पण पाण्यावाचून वसतिगृह बंद झालं आणि आम्हा पोरांना ट्रंका डोक्यावर घेऊन घरी जायला सांगितलं. परत कधी यायचं, ते कुणी सांगितलं नाही. जळकोटला आमचं दोन खणांचं घर, भिंतीवर बुद्धाची तसबीर, दारात वाळलेला कडुनिंब. थोरला भाऊ काम शोधायला पुण्याकडं गेलेला. माय आणि शेवंता वहिनी पाझर तलावाच्या कामावर जायच्या. मी निंबाखाली पदार्थविज्ञानाचं पुस्तक उघडून बसायचो आणि तेच पान पुन्हा पुन्हा वाचायचो. दुपारी ऊन पायावर आलं की उठायचो, रस्त्यावर जाऊन हैदराबादकडं जाणारे ट्रक बघायचो, परत यायचो, पुन्हा उठायचो. वहिनी म्हणायची, "भावजी, तुमच्या पायात काय भिंगरी हाय का? बघून बघून मलाच दम लागतोय."

खायला रेशनची तांबडी मिलो ज्वारी. तिची भाकरी तव्यावर टाकेपर्यंत मोडायची आणि घशाखाली उतरायला सोबत काहीतरी ओलं लागायचं. हुलग्याचं माडगं असलं तर सण. कामावर सुकडी मिळायची, ती वहिनी पदरात बांधून आणायची आणि मला द्यायची. वहिनीला तेव्हा सातवा महिना होता. सुकडी तिनंच खायला हवी, एवढं मला कळत होतं. मी "नको" म्हणायचो, ती "मला त्याचा वास सोसत न्हाय" म्हणायची. वास सोसत नव्हता की काय, हे मला आजही माहीत नाही. त्या गुळचट पिठाची चव मात्र अजून जिभेवर आहे.

घरात बसवेना म्हणून मी रशीदचाचांच्या शेडमध्ये जाऊ लागलो. रस्त्याकडेला पत्र्याचं शेड, पुढं ट्रकच्या जुन्या टायरांची रास. शाळेच्या सुट्ट्यांमध्ये मी तिथंच पाने-पकडी धरायला शिकलो होतो आणि गाडी चालवायलाही. चाचा निजामाच्या काळात कुण्या जहागीरदाराची मोटार सांभाळायचे. आता ट्रकच्या स्प्रिंगचे पाटे आणि ट्रॅक्टरचे पंप दुरुस्त करायचे. त्या दिवसांत ट्रॅक्टरही उभेच होते, त्यामुळं चाचांना काम नव्हतं आणि मलाही नव्हतं. आम्ही दोघं बसून चहा प्यायचो, तोही बिनदुधाचा.

एके दिवशी ती घरघर आमच्या शेडपाशी येऊन थांबली. अण्णा दार उघडून बाहेर यायला लागले, पण त्यांचा फेटा आतच अडकला. अण्णा म्हणजे आमच्या भागातल्या सहकारी सोसायटीचे चेअरमन. लिंगायत शेतकरी घरातले, अंगानं भरलेले, कपाळावर भस्म. दुष्काळी कामांवर देखरेख ठेवायलाही त्यांनाच नेमलेलं. बोलायचे मराठी, पण दचकले की कानडी बाहेर यायची. त्यांच्या जावयानं हैदराबादच्या एका हौशी माणसाकडून त्यांना ही गाडी घेऊन दिली होती. तो माणूस शर्यतीत गाडी पळवायचा. डोंगरातून, नदीच्या पात्रातून, दिवस दिवस चालणाऱ्या शर्यती. "जोरात पळती म्हनून घेतली," अण्णा फेटा सावरत म्हणाले, "पर ह्यो रस्ता हाय का? खड्डा आला की, यप्पा! कंबरड्यातनं कळ थेट टाळूत जाती. अन् आत हे पाइप कशापायी घातलेत? मानूस हाय का कोंबडी, खुराड्यात घालायला?"

मी गाडीभोवती फिरलो. वरून साधी चार दारांची फियाट, बाजारपेठेच्या गावात डॉक्टराकडं असायची तसलीच. पण दारावरच्या पांढऱ्या रंगाखालून शर्यतीचा आकडा अजून पुसट दिसत होता. पुढं दोनाच्या जागी चार दिवे. आत छताला लागून लोखंडी पाइपांचा सांगाडा, गाडी उलटली तरी माणूस चेंगरू नये म्हणून. गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी नाही, खाली जमिनीतून वर आलेला. खाली वाकून बघितलं तर इंजिनाच्या पोटाला दगड लागू नये म्हणून जाड पत्रा ठोकलेला, मागच्या पाट्यांत एकेक पाटा जास्तीचा, आणि सायलेन्सरच्या जागी नुसती सरळ नळी. चाचांनी बॉनेट उघडलं आणि आत बोट दाखवलं. एका कार्बोरेटरच्या जागी दोन होते.

"बेटा," ते म्हणाले, "इसकू दो दिल हैं."

त्या क्षणी माझ्या आत काय झालं ते नीट सांगता येत नाही. इतके दिवस मी ज्या पानावर अडकलो होतो, त्या पानावरची हवा, दाब, उष्णता सगळं तिथं लोखंडात उभं होतं. आणि ही गाडी कुठल्या कुठल्या डोंगरातून धावून आलेली होती. मी तोवर सोलापूरच्या पलीकडं गेलो नव्हतो.

पुढचे काही दिवस मी घरी फक्त झोपायला गेलो. दोन कार्बोरेटर म्हणजे बैलजोडीसारखे. एकानं जास्त ओढलं की दुसरा अंग चोरतो, आणि इंजिन लंगडं चालतं. मी रबरी नळीचं एक टोक कानाला लावायचो, दुसरं आधी ह्या तोंडाशी, मग त्या तोंडाशी धरायचो, आणि हवा आत जाताना येणारा सूं-सूं आवाज दोन्हीकडं सारखा होईपर्यंत स्क्रू केसाएवढा फिरवत राहायचो. धुळीनं हवेची जाळी रोज भरायची. ती पेट्रोलात धुवायची, कारण पाणी कुठलं? रेडिएटरचं पाणी काढलं तरी ते डब्यात धरून ठेवायचं, फडक्यातून गाळायचं आणि पुन्हा आत ओतायचं. गावच्या आडाचं उरलेलं पाणी इतकं खारट होतं, की रेडिएटरच्या नळ्यांत पांढरी पुटं धरलेली. चाचांनी ती चिंचेच्या पाण्यानं सोडवली. हे मी घरी सांगितलं तेव्हा माय कडाडली, "चिंच? हितं आमटीला बोटाएवढी चिंच न्हाय, अन् मोटारीला चिंचवणी पाजता व्हय रे?"

पाट्यांमधला एकेक पाटा काढला तशी गाडी मऊ झाली. पाइपांना मी गोणपाट गुंडाळलं आणि वरून सुतळीनं शिवलं. अण्णा येऊन बसून बघायचे, मान डोलवायचे. मला "कॉलेजवाले" म्हणायचे. शेवटी ते म्हणाले, "आता येकच ऱ्हायलं. आवाज. आवाज घालवा हिचा."

चाचा म्हणाले, "सायलेन्सर लावू की मालक. सोलापूरच्या भंगारबाजारातनं आनतो."

"लावाच. आवो, मी निघालो की चार मैलांवर कळतंय. मी कामावर पोचेपर्यंत जो तो हातात टिकाव घेऊन उभा! तालुक्याच्या बैठकीत समदे मला हसले. म्हनले, चेअरमन, तुमच्या कामावर लोकं फकस्त तुमच्या गाडीपुढं राबत्यात." त्यांचा चेहरा लाल झाला होता. "येकदा न सांगता जाऊन बघतो. जो बसल्याला दिसंल त्याचं नाव हजेरीतनं काढतो. काय कॉलेजवाले? गाडी तुमीच चालवायची त्या दिवशी. मला त्यो गिअर नीट उमजत न्हाय."

मी हो म्हणालो. लगेच म्हणालो, आनंदानं. ती गाडी चालवायला मिळणार, एवढंच मला ऐकू आलं होतं.

संध्याकाळी जेवताना मी ही बातमी सांगितली. मायचा घास हातातच राहिला. वहिनी भिंतीला टेकून बसली होती, तिनं खाली बघितलं.

"सायलेन्सर म्हंजी काय?" मायनं विचारलं.

"आवाज दाबायचा डबा. आता गाडी आली तरी कळणार नाही."

"मग नगं लावूस."

मला राग आला. "नगं कसं? गिऱ्हाइकाचं काम आहे."

तेव्हा मायनं सांगितलं. कामावर वहिनी पाटी उचलत नव्हती. बायकांनी आपसांत ठरवलं होतं. तिच्या वाटणीच्या पाट्या बाकीच्या वाटून घ्यायच्या. ती खडीच्या ढिगामागं, काठ्यांवर टाकलेल्या लुगड्याच्या सावलीत बसायची आणि सगळ्यांची तान्ही लेकरं सांभाळायची. माती मोजली तर ती पुरेपूर भरायची, कुणाचं काही बुडत नव्हतं. पण नियम नियमच. जो काम करताना दिसेल त्याचीच हजेरी. मुकादमाला हे माहीत होतं, तो डोळेझाक करायचा, पण चेअरमनपुढं त्यालाही करता आली नसती. म्हणून गाडीची घरघर ऐकू आली की वहिनी लेकरं तिथल्या एका म्हातारीच्या हवाली करून रांगेत येऊन उभी राहायची. गाडी गेली की परत सावलीत. वहिनीच्या आधी दिवस भरत आलेल्या आणखी दोघी त्या लुगड्याखाली बसून गेल्या होत्या. त्यांची लेकरं आता तिथंच रांगत होती.

"नाव गेलं तर परत लागत न्हाय," माय म्हणाली. "तुझ्या भावाचा पत्ता न्हाय. खायाचं काय हिनं? तुझं बुक?"

"असू द्या आत्याबाई," वहिनी म्हणाली. "भावजींनी शब्द दिलाय. मी उद्यापास्नं उचलते की पाटी. काय व्हतंय?"

त्या रात्री मी झोपलो नाही असं लिहिलं तर शोभून दिसेल, पण खरं म्हणजे मी झोपलो. तरण्या वयात झोप कशानंही मोडत नाही. दिवसा मात्र हाताला थारा नव्हता. पाना एकीकडं ठेवायचा आणि दुसरीकडं शोधायचा. बायका वहिनीला अजूनही पाटी उचलू देत नव्हत्या. मी चाचांना सगळं सांगितलं आणि म्हणालो, सायलेन्सर मिळालाच नाही असं सांगू. चाचांनी विडी पेटवली. "झूट कितने दिन चलेगा? दुसऱ्या मिस्त्रीकडं जाईल. लावायचं तर नीट लावायचं." मग त्यांनी बॉनेटवर हात ठेवला. "पर देख, गाडी का आवाज नळी में रहता क्या? नळी तो तोंड है. आवाज पेट में रहता."

सायलेन्सर आला, तो कापून नळदुर्गहून वेल्डिंग करून आणला. मीच बसवला, आणि चांगला बसवला. गाडी चालू केली तर शेजारच्या हॉटेलातला रेडिओ ऐकू येत होता. अण्णा खूश झाले. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "चला, आत्ताच जाऊ."

त्या रस्त्यानं इतक्या वर्षांनी मी हल्लीच गेलो होतो. हमरस्ता चौपदरी झालाय, शेडच्या जागी पेट्रोल पंप आहे, आणि नातवाची गाडी विजेवर चालते. तिला आवाजच नाही. हट्टानं मीच ती चालवत होतो; तलावाकडं उतरणाऱ्या रस्त्यावर ती हळूच सुटली, तसा माझा डावा हात आपोआप खाली गेला. तिथं गिअरच नव्हता. नातू म्हणाला, "आबा, काय शोधताय?"

तो उतार तेव्हा कच्चा होता. माळ संपला की रस्ता वळून खाली जायचा आणि खाली तलावाचं काम दिसायचं. त्या दिवशी माळावरून गाडी अशी चालली होती की टायरखालच्या खड्यांचा आवाज येत होता. अण्णा शेजारी बसून हसत होते. "मांजर झालं की वो हिचं!" वळण घेतलं. खाली मुंग्यांसारखी माणसं, आणि ढिगामागं ते लुगडं, हिरवं. कुणी मान वर केली नाही. मी क्लच दाबला, दांडा तिसऱ्यावरून दुसऱ्यावर ओढला आणि क्लच सोडला.

इंजिन किंचाळलं. सायलेन्सर लावलेला असूनही, दोन्ही कार्बोरेटर उघडे पडल्यासारखं, डोंगर चढतानाची ती जुनी आरोळी तिच्या पोटातून बाहेर पडली आणि समोरच्या टेकडीवर आपटून परत आली. अण्णा पुढच्या कठड्यावर आदळता आदळता वाचले.

"यप्पा! काय झालं रे?"

"गिअर पाडला अण्णा. चढाला लागतो."

"चढ कुठाय? हा तर उतार हाय!"

"उताराला पण लागतो," मी म्हणालो. "ब्रेक तापू नयेत म्हणून."

खाली हिरव्या लुगड्याखालून कुणीतरी उठलं. मला एवढंच बघायचं होतं. मला वाटलं, झालं, सुटलो.

पण झालं नव्हतं. मुकादमानं पळत जाऊन लोखंडी घडीची खुर्ची आणली आणि बाभळीखाली मांडली. अण्णा बसले. एरवी ते गाडीतूनच बघून जायचे, कारण पाठ दुखायची. आता गाडी मऊ झाली होती, पाठ दुखत नव्हती, आणि त्यांना बसायला वेळ होता. त्यांनी पान काढलं, चुना लावला, मुकादमाशी पाण्याच्या टँकरबद्दल बोलायला लागले. बायकांची रांग बांधावर चढत होती, उतरत होती. रांगेत वहिनी होती. माती भरणारी बाई तिच्या पाटीत तळ झाकेल एवढीच माती टाकत होती. मुकादमानं अण्णांकडं बघितलं आणि ओरडला, "अगं भरून टाका की पाट्या! चेअरमन बघायलेत!" भरणाऱ्या बाईनं फावडं थांबवलं, मग पाटी भरली. दोघींनी ती वहिनीच्या डोक्यावर दिली.

अण्णा जोवर बसतील तोवर तिला चढावं लागणार होतं, आणि तिला रांगेत मीच उभं केलं होतं. ती वर गेली, पाटी रिकामी करून खाली आली, पाटी परत भरली. माय तिच्या मागं चालत होती, पाटीला एका हातानं खालून आधार देत. मी गाडीपाशी उभा. फडकं घेतलं, काच पुसली, पुसलेलीच परत पुसली. शेवटी बॉनेट उघडलं आणि हाक मारली.

"अण्णा, निघायला पाहिजे. गाडी तापलीय."

"उभ्या गाडीला काय तापायला झालं?"

"चालती तोवर वारं लागतं. उभी राहिली की कार्बोरेटरमधलं पेट्रोल उकळतं. मग चालू होणार नाही. चालत जावं लागंल."

हे अगदी खोटं नव्हतं. पुस्तकातलंच होतं. पण बोलताना माझी नजर बांधाकडं जात होती, आणि मी ती परत आणायचो, आणि ती परत जायची. अण्णांनी पान चघळायचं थांबवलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग मी बघत होतो तिकडं. वहिनी बांधाच्या मध्यावर थांबली होती. एक हात पाटीला, एक हात कमरेवर. मागची रांगही थांबली होती, आणि पुढं हो असं कुणी म्हणत नव्हतं. मग अण्णांची मान वळली. ढिगामागच्या हिरव्या लुगड्यावर, त्याखाली रांगणाऱ्या लेकरांवर त्यांची नजर बराच वेळ राहिली. मुकादम काहीतरी बोलायला लागला, तेव्हा त्यांनी नुसता हात वर केला.

"चला," म्हणाले आणि उठले.

गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली. उकळल्याचं काही चिन्ह नव्हतं. आम्ही चढावरून वर निघालो. ह्या वेळी खरोखर चढ होता आणि मी गिअर पाडायला घाबरत होतो. इंजिन धापा टाकायला लागलं.

"आता पाडा की," अण्णा म्हणाले. "चढाला लागतो न्हवं?"

मी पाडला. माळावर आलो तरी ते बोलले नाहीत. माझं कॉलेज, मायची हजेरी, वहिनीचं नाव, सगळं त्या शांततेत लोंबकळत होतं. शेवटी हमरस्ता दिसायला लागला तेव्हा ते समोर बघतच म्हणाले, "ती कोन तुमची?"

"वहिनी."

"हूं." मग म्हणाले, "गाडी माजी हाय. तिचं इंजिन फोडू नगा. फुडल्या बारीला उतारावर हॉर्न द्या. हॉर्न हाय की तिला."

"बरं अण्णा."

"अन् त्या मुकादमाला सांगा, मला खुर्ची आनू नगं म्हनावं. खुर्ची दिली की मी बसतो."

संध्याकाळी घरी आलो तर वहिनी आडवी पडली होती आणि माय तिच्या पोटऱ्या चोळत होती. मी उंबऱ्यातच उभा राहिलो. आत जायचं धैर्य होईना. अण्णा काय म्हणाले ते तिथूनच सांगितलं, हॉर्नचं आणि खुर्चीचं. मायनं ऐकलं आणि ती चोळतच राहिली. वहिनीनं मात्र डोळे उघडले.

"भावजी," ती म्हणाली, "त्यांना नगं असंल तर मला द्या म्हनावं ती खुर्ची."